घेणाऱ्याच्या मापाची गोधडी

अमेरिकेतल्या लहानमोठ्या गावांत गोधडी शिवणाऱ्यांचे क्लब असतात. तिथे त्यांना ‘क्विल्ट गिल्ड’ म्हणतात. महिन्यातून एकदा चर्चच्या तळघरात, ग्रंथालयाच्या सभागृहात किंवा ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रात बैठक भरते. वार्षिक वर्गणी असते, अध्यक्ष-खजिनदार असतात, मागच्या सभेचा वृत्तान्त वाचून मंजूर होतो. आपल्याकडच्या महिला मंडळातल्या बाईला तिथे नेऊन बसवलं तर भाषा सोडून काहीच परकं वाटणार नाही. एखादी पाहुणी नवा नमुना समजावून सांगते, ज्यांची गोधडी पुरी झाली त्या ती दोन टोकांना धरून सगळ्यांना दाखवतात, आणि कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या अर्धवट कामांवरून एकमेकींची थट्टा चालते. तिकडची गोधडी तीन थरांची असते. वर भूमितीच्या हिशेबाने जोडलेले सुती कापडाचे तुकडे, मध्ये कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर, खाली अस्तर. तिन्हींना धरून ठेवणारे टाके घातले की चारी कडांना मगजी लागते आणि गोधडी पुरी होते. जुन्या साड्यांवर धावदोरा घालून केलेली आपली गोधडी तिची लांबची बहीण, पण तिकडे आता जुनेरं फारशी वापरली जात नाहीत. नवं कापड दुकानातून वारांवर विकत आणलं जातं. २०१४ साली या व्यवसायाने केलेल्या पाहणीत क्विल्टिंग करणाऱ्या अमेरिकी लोकांची संख्या सुमारे १ कोटी ६० लाख आणि त्यांचा वर्षाचा खर्च साडेतीनशे कोटी डॉलरच्या वर निघाला होता. म्हणजे हा छंद आहे, आणि महागडा छंद आहे. तरीही जवळजवळ प्रत्येक क्लबात एक समिती असते, जिचं काम क्लबातल्या कोणाच्याही घरी न जाणाऱ्या गोधड्या गोळा करणं हे असतं. त्या जातात रुग्णालयात, मारझोडीला कंटाळून घर सोडलेल्या बायकांच्या निवाऱ्यात, पालकांपासून दूर दुसऱ्याच्या घरी वाढणाऱ्या मुलांकडे, आग लागून संसार गेलेल्या कुटुंबाकडे.

या दानावर पहिला आक्षेप हिशेबी माणसाचा असतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. एका माणसाला पुरेल अशा, साठ इंच रुंद आणि ऐंशी इंच लांब गोधडीला पुढचं-मागचं मिळून नऊ-दहा वार कापड सहज लागतं. मधला थर, दोरा, आणि मोठ्या यंत्रावर टाके घालून घ्यायचे असतील तर त्याची मजुरी, असं सगळं धरलं की दीडशे-दोनशे डॉलर गेले. शिवणारीचे तीस तास अमेरिकेतल्या किमान केंद्रीय वेतनाने, म्हणजे ताशी सव्वासात डॉलरने मोजले तरी आणखी दोनशेच्या वर होतात. चारशे डॉलरची ही वस्तू ऊब देण्यासाठी दिली जाते, आणि तेवढीच ऊब देणारं गिरणीतलं पांघरूण दहा-पंधरा डॉलरला मिळतं. मग या बायकांनी शिलाई मशीन झाकून ठेवून चेक का फाडू नये? एका गोधडीच्या किमतीत पंचवीस ते चाळीस माणसांना पांघरूण मिळालं असतं. माझ्या मते या हिशेबातली बेरीज बरोबर आहे, पण त्याने मोजायला घेतलेली वस्तू चुकली आहे. क्लबाच्या दानाला ऊब प्रति डॉलर हे माप लावलं तर ते नापास होणारच. त्याला लावायची कसोटी दुसरी आहे: गोधडीचं माप कोणी ठरवलं? देणारीने स्वतःच्या हौसेने ठरवलं असेल, तर आक्षेप घेणारा बरोबर. घेणाऱ्याच्या खाटेवरून, आजारावरून, त्याच्या अडचणीवरून ठरलं असेल, तर त्या गोधडीत असं काही आहे जे बाजारात मिळत नाही. गोधडी क्लबांचा इतिहास या एका कसोटीवर वाचला की त्यातलं चांगलं आणि वाईट दोन्ही स्पष्ट दिसतं.

सुरुवात अमेरिकेच्या यादवी युद्धापासून करावी लागते. १८६१ च्या जूनमध्ये उत्तरेकडच्या राज्यांसाठी ‘युनायटेड स्टेट्स सॅनिटरी कमिशन’ स्थापन झालं. सैन्याच्या इस्पितळांची अवस्था फार वाईट होती आणि गावोगावच्या बायका मिळेल ते पेटाऱ्यात भरून पाठवत होत्या. घरातल्या गोधड्या जोडप्याच्या पलंगासाठी केलेल्या, जवळपास चौरस आणि ऐसपैस. इस्पितळातली खाट मात्र अरुंद. मोठी गोधडी दोन्ही बाजूंनी जमिनीवर लोळायची, रक्तामातीत मळायची, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात यायची. म्हणून कमिशनने माप कळवलं: साधारण सात फूट लांब आणि चार फुटांच्या आसपास रुंद. हे एक वाक्य फार महत्त्वाचं आहे. त्यामुळे शेकडो मैलांवर बसून शिवणाऱ्या बाईला, जी कधीही इस्पितळात जाणार नव्हती, तिला त्या खाटेची रुंदी कळली. गावोगावच्या मंडळांनी नव्या गोधड्या त्या मापाने केल्या आणि काहींनी घरातल्या जुन्या, मोठ्या गोधड्या कापून अरुंद केल्या. स्वतःच्या हातची, सणावाराला काढायची गोधडी कात्रीने कापायला मन घट्ट करावं लागतं हे शिवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. युद्ध संपेपर्यंत सुमारे अडीच लाख गोधड्या आणि दुलया पोचल्या असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतल्या आज फारच थोड्या शिल्लक आहेत, कारण त्या वापरल्या गेल्या, फाटल्या, आणि कित्येक सैनिकांना त्यांतच गुंडाळून पुरलं गेलं. संग्रहालयांना याचं दुःख होणं साहजिक आहे. दानाच्या बाजूने पाहिलं तर इतक्या कमी उरणं हाच त्या कामाला आल्याचा पुरावा.

या युद्धाच्या आगेमागे आणखी एक गोष्ट घडली, जी ‘बायकांच्या फुकट श्रमाचं कौतुक पुरे’ असं म्हणणाऱ्या आजच्या टीकाकाराला उत्तर देताना उपयोगी पडते. तो आक्षेप खोटा नाही. सरकारने करायचं काम बायकांनी रात्री जागून, विनामोबदला केलं आणि मग त्याला ममता असं नाव देऊन सगळे मोकळे झाले, असं अनेकदा घडलेलं आहे. पण शिवणाऱ्या मंडळांतून बायकांना आणखी काय मिळालं तेही पाहावं. १८३६ च्या डिसेंबरात बॉस्टनमधल्या गुलामगिरीविरोधी बायकांनी भरवलेल्या जत्रेत पाळण्यातली एक छोटी गोधडी विकायला ठेवली होती. तिच्या मधल्या चौकोनावर गुलाम मातेची आठवण करून देणाऱ्या ओळी शाईने लिहिलेल्या होत्या. मतदानाचा हक्क नसलेल्या बाईला आपलं राजकीय म्हणणं दुसऱ्याच्या घरात पोचवण्याची ही वाट सापडली होती. १८६३ साली शिकागोत मेरी लिव्हरमोर आणि जेन होग या दोघींनी सॅनिटरी कमिशनसाठी मोठी जत्रा उभी केली. सभागृह बांधायचं कंत्राट द्यायला त्या गेल्या तेव्हा कंत्राटदाराने सांगितलं की तुमच्या सहीला कायद्याने किंमत नाही, नवऱ्यांच्या सह्या आणा. जत्रेने ८० हजार डॉलरहून अधिक जमवले. लिंकनने स्वतः लिहिलेला गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा तिला भेट दिला होता आणि तो तीन हजार डॉलरला विकला गेला. पण हजारो डॉलरचा व्यवहार सांभाळणाऱ्या बाईची सही चालत नाही हा अनुभव लिव्हरमोर विसरल्या नाहीत, आणि पुढे त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत अग्रभागी राहिल्या. पहिल्या महायुद्धात हीच रीत आणखी हिशेबी झाली. ‘मॉडर्न प्रिसिला’ या मासिकाने १९१७ च्या डिसेंबर अंकात रेडक्रॉससाठी एका गोधडीतून हजार डॉलर कसे उभे करायचे याचा आराखडाच छापला: थोडे पैसे घेऊन प्रत्येकाचं नाव लाल दोऱ्याने भरायचं, आणि पुरी झालेली गोधडी शेवटी लिलावात काढायची. अशा सह्यांच्या गोधड्या मग गावोगावी झाल्या. तेव्हा चेक फाडायला सांगणाऱ्याला एक उत्तर इथेच मिळतं. ज्या बाईच्या नावावर चेकबुकच नव्हतं, तिने सुईने निधी उभा केला, आणि तो करताना हिशेब ठेवणं, सभा चालवणं, माल पोचवणं शिकून घेतलं.

आजच्या अमेरिकन बाईच्या हातात चेकबुक आहे. म्हणून आक्षेप पुन्हा उभा राहतो आणि त्याचं उत्तर आजच्या रुग्णालयातच शोधावं लागतं. तिथलं सर्वांत बोलकं उदाहरण नवजात बाळांचं आहे. बाळ म्हटलं की गोधडी आलीच, आणि क्लबांनी पिढ्यान् पिढ्या बाळगोधड्या शिवल्या. १९९२ साली अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने बाळांना झोपताना पालथं घालू नका असं सांगितलं, १९९४ पासून त्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली, आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू पुढच्या वर्षांत निम्म्याहून खाली आले. याच सल्ल्याचा पुढचा भाग असा की पहिलं वर्षभर पाळण्यात उशी, मऊ खेळणी, सैल पांघरूण आणि गोधडी ठेवू नये, कारण तोंडावर आलं तर श्वास कोंडतो. ज्या वस्तूवर क्लबाचं प्रेम, तीच बाळाला धोक्याची ठरली. रागावण्याचं किंवा ‘आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही’ म्हणण्याचं निमित्त तयार होतं. पण अनेक क्लबांनी रुग्णालयातल्या परिचारिकांना विचारलं की मग तुम्हाला काय लागतं. उत्तर मिळालं: दिवसांआधी जन्मलेल्या बाळाच्या काचेच्या पेटीवर बाहेरून घालायला जाड आच्छादन. आईच्या पोटातला अंधार ज्याला अजून काही आठवडे हवा होता, त्या बाळाला अतिदक्षता कक्षातला लख्ख दिव्यांचा उजेड सोसत नाही. पेटीच्या मापाची, वरून रंगीत आणि आतून गडद अस्तराची गोधडी तो उजेड अडवते, आवाजही थोडा कमी करते, आणि बाळाच्या अंगाला लागतच नाही. बाळ घरी जाताना ती आईवडिलांना देऊन टाकतात. गिरणीतल्या पांघरुणाला हे काम जमत नाही, कारण ते पेटीच्या मापाचं नसतं. कारखान्यातही असं आच्छादन बनतं, पण दोन-चार पेट्या असलेल्या गावच्या रुग्णालयाशी बोलून, परत जाऊन, एक इंच कमी करून पुन्हा आणून देणं क्लबालाच परवडतं.

अशीच आणखी कामं आहेत आणि ती बाहेरच्याला क्षुल्लक वाटतात. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्याची गोधडी मुद्दाम आखूड करतात, नाहीतर ती चाकात अडकते. तिला खिसे लावतात, कारण ज्याचे दोन्ही हात चाकं फिरवण्यात गुंतलेले असतात त्याला चष्मा ठेवायला जागा नसते. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांचे हात अस्वस्थपणे चादर, सदरा, स्वतःची कातडी ओढत राहतात. त्यांच्यासाठी मांडीवर मावेल असा तुकडा करून त्यावर चेन, बटणं, नाडी, मखमल, कॉर्डुरॉय असं हाताला चाळा देणारं काहीबाही शिवतात, आणि ते उपटून तोंडात जाणार नाही इतकं घट्ट शिवावं लागतं. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर काखेत ठेवायला बदामाच्या आकाराची उशी असते. तिचा आकार दिसायला गोड असला तरी तो गोडव्यासाठी निवडलेला नाही, दोन गोल भाग दंड आणि बरगडी यांच्यामध्ये नीट बसतात म्हणून निवडलेला आहे. दान स्वीकारणाऱ्या संस्थांच्या सूचनाही वाचण्यासारख्या असतात: धूम्रपान होणाऱ्या घरात शिवू नका, कुत्र्यामांजराचे केस नकोत, सुगंधी साबण नको, आणि शेवटची टाचणी सापडेपर्यंत गोधडी देऊ नका. 

आता दुसरी बाजू, कारण क्लबांच्या बाजूने बोलणाऱ्यांना ती नकोशी असते. देणाऱ्याच्या मापाने दिलेलं दान घेणाऱ्याला बुडवू शकतं. २०१२ च्या डिसेंबरात कनेक्टिकटमधल्या न्यूटाउन गावातल्या सँडी हुक शाळेत २० लहान मुलं आणि शाळेतल्या ६ जणी गोळीबारात मारल्या गेल्या. त्यानंतर जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस हजार वस्तीच्या त्या गावात साठ हजारांहून अधिक टेडी अस्वलं येऊन पडली. ती ठेवायला गोदाम घ्यावं लागलं, वर्गवारीसाठी माणसं लावावी लागली, आणि शेवटी कृपा करून आता पाठवू नका असं सांगावं लागलं. पाठवणाऱ्यांची सहानुभूती खरी होती, पण मागितलं कोणीच नव्हतं. आपल्यालाही हे चांगलं माहीत आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजत पडले होते. ‘गूंज’ या संस्थेने त्यातले कपडे उचलून, निवडून, त्यांचे वापरण्याजोगे नग आणि सुती कापडाचे पॅड केले. संस्थेचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो कपड्याकडे गरज म्हणून पाहायला लावणाऱ्या या कामासाठी. गोधडी क्लबही या दोषातून सुटलेले नाहीत. न खपलेल्या नमुन्याच्या, स्वतःच्या पलंगावर घालणार नाही अशा रंगाच्या गोधड्या ‘दानाला’ म्हणून बाजूला टाकणं सर्रास चालतं, आणि क्लबातल्याच जाणत्या बायका त्यावर चिडतात. त्यांचा नियम साधा आहे: जी तू स्वतः पांघरणार नाहीस ती देऊ नकोस.

मग जिथे खरोखर फक्त ऊब हवी आहे तिथे काय? निर्वासितांच्या छावणीत चारशे डॉलरची कलाकृती पाठवणं हा मूर्खपणाच, आणि मोठ्या संस्थांनी तो केलेला नाही. ‘लुथरन वर्ल्ड रिलीफ’ दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या उद्ध्वस्त लोकांसाठी उभी राहिली आणि आजही चर्चमधल्या मंडळांकडून लाखो गोधड्या घेऊन संकटग्रस्त देशांत पाठवते. तिचं माप ठरलेलं आहे, साठ बाय ऐंशी इंच, कारण एकाच मापाच्या गोधड्यांचे गठ्ठे बांधता येतात, मोजता येतात. नक्षीवर वेळ घालवू नका, मिळेल ते टिकाऊ कापड वापरा असं ती सांगते. मेनोनाइट पंथाची ‘मेनोनाइट सेंट्रल कमिटी’ तर बारीक टाके घालायलाच लावत नाही. ठरावीक अंतरावर जाड दोऱ्याची गाठ मारली की तीन थर एकत्र राहतात आणि दुपारभरात चार बायका एक गोधडी उरकतात. छावणीत पोचल्यावर ती पांघरूण म्हणून वापरली जातेच, शिवाय सतरंजी, तंबूतला आडोसा आणि सामानाचं गाठोडंही होते. बारीक टाक्यांची, महिनोन्महिने खपून केलेली गोधडी हेच मेनोनाइट लोक छावणीत पाठवत नाहीत, मदतनिधीच्या वार्षिक लिलावात विकतात, आणि हौशी ग्राहक तिला हजारो डॉलर मोजतात. म्हणजे हिशेबी माणसाचा सल्ला त्यांनी त्याच्या आधीच अमलात आणला होता. कलाकुसर पैशात बदलायची, ऊब गाठ मारून स्वस्तात करायची. दोन्हींची गल्लत करू नये एवढंच.

सगळ्यांत अवघड प्रकरण या दोन्हींमध्ये न बसणाऱ्या गोधड्यांचं. १९९५ च्या नाताळात कोलोरॅडोतल्या कॅरन लाउक्स यांनी कर्करोग झालेल्या एका लहान मुलीबद्दल मासिकात वाचलं. केमोथेरपी सोसताना तिला तिच्या जुन्या पांघरुणाचा आधार वाटत होता. लाउक्सबाईंनी डेनव्हरच्या बालकर्करोग केंद्राला हाताने केलेली शंभर पांघरुणं द्यायचं ठरवलं आणि त्यातून ‘प्रोजेक्ट लायनस’ उभा राहिला. नाव ‘पीनट्स’ चित्रमालिकेतल्या, पांघरूण कधीही न सोडणाऱ्या मुलावरून. आजवर त्यांनी दिलेल्या पांघरुणांची संख्या ८० लाखांच्या पलीकडे गेली आहे. २००३ साली डेलावेअरमधल्या कॅथरीन रॉबर्ट्स यांचा मुलगा इराकमध्ये तैनात असताना ‘क्विल्ट्स ऑफ व्हॅलर’ सुरू झालं. पहिली गोधडी त्याच वर्षी वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात, इराकमध्ये पाय गमावलेल्या एका तरुण सैनिकाला मिळाली. आता तीन लाखांहून अधिक आजी-माजी सैनिकांना ती देऊन झाली आहे, तीही टपालाने फेकून नाही, समारंभात खांद्यांवर पांघरून. इथे आक्षेप राजकीय असतो: युद्धाचा निर्णय घेणाऱ्यांना जाब विचारायचा सोडून जखमेवर रंगीत कापड टाकलं जातं. हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. संस्थेच्या भाषेत सन्मान, शौर्य, ऋण हे शब्द जितके येतात तितके ‘का’ आणि ‘कशासाठी’ येत नाहीत. पण उरलेला अर्धा भाग असा की व्हिएतनामहून परतलेल्या, देशाने तोंड फिरवलेल्या सैनिकाने पन्नास वर्षांनी ही गोधडी घेणं म्हणजे युद्धाला पाठिंबा, असं म्हणणं त्या माणसावर अन्याय आहे. सरकारला जाब विचारायचे इतर रस्ते खुले आहेत आणि कापडाचाही आहे. एड्सने गेलेल्यांच्या स्मरणार्थ सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली गोधडी ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये अंथरली गेली तेव्हा तिचे १,९२० तुकडे होते, प्रत्येक तीन फूट बाय सहा फूट, थडग्याएवढा. सरकारला लाज आणण्यासाठीच ते माप निवडलं होतं. आज तिचे सुमारे ५० हजार तुकडे आहेत आणि वजन ५४ टन.

क्लबाचं खरं मोल मला आणखी एका ठिकाणी दिसतं, आणि ते गोधडीच्या बाहेर आहे. २००८ साली सुरू झालेल्या ‘डेज फॉर गर्ल्स’ या संस्थेसाठी अनेक शिवणमंडळं मासिक पाळीसाठी धुऊन वापरायचे कापडी संच करतात. केनियातल्या अनाथाश्रमात आधी एकदा वापरून फेकायचे पॅड दिले गेले, पण ते टाकायला जागाच नव्हती. मग धुण्याजोगे केले. पांढऱ्या कापडावर डाग उठून दिसतात म्हणून गडद नक्षीचं कापड आलं. वाळत घातल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू नये म्हणून आकार साध्या रुमालासारखा झाला. मुलींनी सांगत जायचं आणि मंडळांनी उसवून पुन्हा बेतायचं, असं ते चालत आलं. मग करोनाची साथ घेऊन २०२० चा मार्च उजाडला. १८ तारखेला इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिलच्या डेकनेस रुग्णालयाने लोकांना मास्क शिवून द्या असं जाहीर आवाहन केलं, आणि ३ एप्रिलला देशाच्या रोगनियंत्रण केंद्राने सगळ्यांनाच कापडी मास्क वापरायला सांगितलं. कारखाने अजून सावरत होते. गोधडीवाल्यांच्या कपाटात मात्र कापड होतं, मशीन तेल घालून तयार होती, कोण किती शिवू शकते याची यादी होती, गोळा करून पोचवायची रीत बसलेली होती. इलॅस्टिक बाजारातून संपलं तेव्हा त्यांनी कापडाच्या नाड्या लावल्या. ‘वेक फॉरेस्ट’ वैद्यकीय केंद्रात घरगुती मास्कांची चाचणी झाली तेव्हा गोधडीसाठी विकलं जाणारं घट्ट विणीचं जाड सुती कापड दोन पदरी वापरलेले मास्क सर्वांत सरस ठरले. ही सज्जता चेक देऊन विकत मिळाली नसती, कारण ती आदल्या वीस-तीस वर्षांच्या बैठकांमधून, दानाच्या टेबलावरून तयार झाली होती. छंदाचा खर्च फालतू म्हणणाऱ्याने हा हिशेबही मांडावा.

हे असंच टिकेल याची खात्री मात्र देता येत नाही. २०१४ च्या त्याच पाहणीत नेमाने आणि भरपूर गोधड्या करणाऱ्यांचं सरासरी वय ६४ निघालं होतं. कापड आणि शिवणसाहित्य विकणारी ‘जोॲन’ ही १९४३ पासूनची दुकानसाखळी २०२५ मध्ये दिवाळखोरीत जाऊन सगळीच्या सगळी बंद झाली. लहान गावात जिथे तेवढं एकच दुकान होतं तिथे कापड हाताने चाचपून घेण्याची सोय गेली. तरुण मंडळी शिवतात, पण बरीचशी पडद्यावर पाहून, एकेकटी. एकटीने केलेली गोधडी क्लबातल्या गोधडीपेक्षा सुंदरही असेल, पण पेटीचं माप विचारायला रुग्णालयात कोण जाणार, हा प्रश्न उरतो.

महाराष्ट्रात शिवणाऱ्या हातांची कमतरता नाही. बचत गट जुन्या साड्यांच्या गोधड्या करून विकतात, नातवंडासाठी दुपटी शिवणाऱ्या आज्या शहरातही सापडतात, आणि भिशी, भजनी मंडळ, महिला मंडळ अशा बैठका तर दर गल्लीत आहेत. आपली गोधडी मात्र बहुतेक करून नात्यातल्या माणसासाठी होते. लेकीसाठी, सुनेच्या बाळंतपणासाठी. अनोळखी माणसासाठी नेमाने शिवायची सवय आपण फारशी लावून घेतलेली नाही. ती लावायची तर अमेरिकेतला नमुना जसाच्या तसा उचलू नये. आपल्या जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात बालकांच्या विशेष कक्षात काचेच्या पेट्यांपेक्षा वरून ऊब देणारे वॉर्मर अधिक असतात आणि कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी बांधून ठेवण्यावर, म्हणजे कांगारू पद्धतीवर भर असतो. वॉर्मरवर आच्छादन घालून चालणारच नाही. तिथे कदाचित बाळ छातीशी धरून ठेवणारा, रोज धुता येईल असा मऊ सुती पट्टा लागेल, किंवा बाळाची टोपी, किंवा आईला बसायला लागणारी पाठीमागची उशी. कदाचित यातलं काहीच नको असेल आणि बाहेर व्हरांड्यात रात्र काढणाऱ्या नातेवाइकांसाठी अंथरूण हवं असेल. तुमच्या मंडळात चार जणींना शिवता येत असेल, तर कापड आणण्याआधी कक्षाच्या प्रमुख सिस्टरांची वेळ मागा, मोजपट्टी आणि वही सोबत न्या, आणि त्या सांगतील तेवढंच एक करून आधी त्यांना वापरून पाहू द्या.